अट्रॅक्टाची नखं

अट्रॅक्टा मुलव्ही शाळेत असताना नन्सकडून हार्प शिकली होती. नायलॉनच्या तारांची, उजव्या खांद्याला टेकवून वाजवायची. लग्नानंतर रॉसकॉमन परगण्यातल्या ओल्या रानात गाईंचं करता करता ती हार्प चादरीखाली गेली, आणि तिथंच राहिली.

पन्नाशी उलटल्यावर शेजारच्या गावात तिनं पितळी तारांची जुन्या घाटाची हार्प ऐकली. ही नखांनी छेडायची. सूर घंटेसारखा घुमत राहतो. पुढचा वाजवताना मागचा बोटानं दाबून गप्प करावा लागतो. ही विद्या कधीच मोडून गेली होती, आता मोजकी वेडी माणसं ती पुन्हा उभी करत होती. त्यांतलीच एक साइव्ह, वयानं अट्रॅक्टाच्या मुलीएवढी. ती शिकवायला तयार झाली.

"डाव्या खांद्यावर घ्या. वरचे सूर डाव्या हातानं."

"म्हणजे सगळं उलटं?"

"जुने लोक असंच वाजवायचे. उलटे आपण झालो."

घरी रोज टणत्कार सुरू झाले. नवरा मॅलकी म्हणाला, "अगं, गाई दूध आटवतील!"

"तुझ्या घोरण्यानं आटलं नाही, ते ह्यानं कसलं आटतंय!"

सेंट पॅट्रिकच्या सणाला गावच्या चर्चमध्ये तिचं पहिलं वादन ठरलं. हिवाळाभर तिनं नखं जपली. दूध काढतानाही हातमोजे. आदल्या दुपारी एक पहिलारू गाय अडली. गुरांचा डॉक्टर लांब, मॅलकीचा खांदा दुखावलेला.

"तू नको. नखं जातील," तो म्हणाला.

"आणि वासरू जाईल ते?"

वासराच्या पायांना बांधलेल्या ओल्या दोरावरून हातमोजे सटकत होते. तिनं ते फेकले आणि उघड्या हातांनी ओढलं. वासरू जगलं. डाव्या हाताची तीन नखं मुळापर्यंत गेली. हात धुताना ती रडली, दुखण्यापेक्षा रागानं जास्त. मग साइव्हला फोन केला.

"उद्या दुसरं कुणीतरी बघ."

"बोटांच्या मऊ भागानं वाजवा. आवाज बारीक येईल, एवढंच."

"चर्च काय स्वयंपाकघर आहे?"

"या तर खरं."

ती गेली. पहिले सूर मागच्या बाकांपर्यंत पोचलेच नाहीत. कुणीतरी उठून घुंघुं करणारा हीटर बंद केला. खोकणं थांबलं. मधेच एक तार दाबायची राहिली. मागचा सूर पुढच्यात मिसळून घुमत राहिला, आणि अट्रॅक्टानं तो राहू दिला. आपण पाठ केलेलं वाजवत नसून ऐकत ऐकत वाजवतोय, असं तिला प्रथमच वाटलं.

नंतर सभागृहात चहा होता. मॅलकी सोडा ब्रेडवर लोणी थापत म्हणाला, "मागं बसलेली म्हातारी विचारत होती, ही कुणाची कोण?"

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं, माझी. दुसरं काय सांगणार?"

साइव्हनं तिला उन्हाळी शिबिरात वाजवायला बोलावलं. "गवत कापून झालं की बघते," अट्रॅक्टा म्हणाली. त्या वर्षी पाऊस थांबेचना, गवत उशिरा कापलं गेलं. तरी शेवटच्या दोन दिवसांसाठी का होईना, ती गेली.