दादाच्या रणगाड्यावरचा डाग

मंडळी, आज मला माझ्याच हातांचा राग आलाय.

दादा गेल्यापासून त्याचा अर्धवट जोडलेला प्लास्टिकचा रणगाडा शोकेसमध्ये तसाच होता. आज सुट्टी म्हणून पूर्ण करायला घेतला. तोफेच्या बुडाशी वाळलेल्या गोंदाचा डाग होता. तो पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केला, वर रंग मारला, चाकांना गंगापूर धरणाकाठची माती लावली. अगदी खराखुरा दिसायला लागला!

खुशीत आईला दाखवला. तिने तोफेच्या बुडाशी बोट फिरवलं.

"अरे, इथे त्याच्या अंगठ्याचा ठसा होता ना? रोज पुसताना मी त्यावर बोट ठेवायचे."

मग "छान झालाय हो," म्हणाली आणि आत गेली.

सांगा, उद्या पुसताना तिने बोट कुठे ठेवायचं?