दाजी, मुसळ आणि माझा सूड

राजूरच्या एसटीचा कंडक्टर आमच्या ओळखीचा. त्या दिवशी तो स्टँडवरून सरळ आमच्या दारात आला, टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मास्तर गेले. पहाटे. झोपेतच." मास्तर म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान, राजूरच्या शाळेतले शिक्षक, आमचे भास्करदाजी. अशा वेळी माणसानं काय बोलावं याच्या काही रीती आहेत. माझ्या तोंडून निघालं, "असं कसं? भाऊबीज व्हायचीय अजून!" कंडक्टरला वाटलं, बहिणीच्या काळजीनं बोललो. बायकोला मात्र बरोबर कळलं. तिनं माझ्याकडं असं काही पाहिलं की... जाऊ द्या. मला राग आला होता, हे खरं. आता महिना उलटून गेला. लोक म्हणतात, रडून घ्या, मोकळं वाटेल. रडायला बसलो की दाजींचा तो हसरा चेहरा समोर येतो आणि पुन्हा रागच येतो.

कारण सांगतो. जालन्यात आमच्या गल्लीत भाऊबीजेला सकाळी बहिणी ओवाळतात आणि दुपारी स्टेशनाजवळच्या मैदानावर जावई विरुद्ध मेहुणे असा हॉकीचा सामना होतो. निजामाच्या काळापासून गल्लीला हॉकीचं वेड, आणि दिवाळीला जावई गावात आयतेच सापडतात. ज्या बहिणीनं सकाळी कपाळाला कुंकू लावलेलं असतं, तीच दुपारी नवऱ्याच्या बाजूला उभी राहून "पाडा त्याला!" म्हणून ओरडते. अक्काचं लग्न तसं जुनं, पण दाजींची नोकरी आधी लांब, नांदेडकडं. बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी ते राजूरला बदलून आले आणि पहिल्यांदा जावयांकडून उतरले. मी तेव्हा पस्तिशीचा, पोट थोडं सुटलेलं, पण गल्लीतला सगळ्यात चपळ फॉरवर्ड अशी ख्याती होती. ती पसरवण्याचं काम मी स्वतःच करायचो, हा भाग वेगळा. त्या वर्षी मी नवी स्टिक घेतली होती, बारीक मुठीची, हलकी, मनगट वळवलं की चेंडू चिकटून वळावा अशी. दाजी फुलबॅक. त्यांच्या हातातली स्टिक म्हणजे निव्वळ मुसळ. मी दोघातिघांना चकवत गोलापुढच्या 'डी'त शिरलो, स्टिक उचलली आणि मारली. दाजी जागचे हललेसुद्धा नाहीत. मुसळ फक्त आडवं ठेवलं. माझी स्टिक मधोमध गेली. त्यांनी तुकडा उचलला, उन्हात धरून फिरवून पाहिला आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं विचारलं, "मेहुणे, ह्याच्यानं दात कोरून राह्यले का काय?"

गल्ली हसली. अक्का सगळ्यात जोरात. त्या दिवसापासून मी 'दातकोरणं' झालो. कापसाच्या जिनिंगच्या कचेरीत मी हेडक्लार्क, पण भाजीवालीसुद्धा म्हणायची, "दातकोरणेभाऊ, मेथी न्या ताजी." तेव्हा मी मनाशी ठरवलं, ह्या माणसाला सगळ्या गल्लीसमोर चकवून एक गोल मारायचा. एकच. त्याशिवाय ह्या जन्मी शांती नाही.

आता सूड घ्यायचा म्हणजे हत्यार आलं. नवीन जालन्यातल्या दुकानात म्हातारे चाचा बसायचे. ते दोन स्टिका समोर ठेवायचे. एक तोलून दाखवायचे, "ये उडेगी, मगर निभेगी नहीं." दुसरी गुडघ्यावर दाबून दाखवायचे, "ये निभेगी, मगर उडेगी नहीं. बोलो, क्या होना?" मी दर वर्षी उडणारी घ्यायचो. माझा हिशेब सरळ होता. मला काय तिच्याशी संसार करायचाय? एक फटका बसला की काम झालं. पण दिवाळीपर्यंत आमचं काळ्या मातीचं मैदान वाळून दगड होतं, आणि त्या दगडापुढं दाजी. माझी स्टिक कधी मुठीशी फुटायची, कधी खालच्या वाकाशी चिरायची. रात्री जेवताना दाजी करंजी मोडत शिकवणी घ्यायचे. "तुतीच्या लाकडाच्या रेषा बघायच्या, मेहुणे. वाकाबरोबर वळत गेल्या पायजेत, मधीच तुटल्या की गेली कामातून. मूठ जाड घ्यायची. अन् जवसाचं तेल, बोटानं, थोडं थोडं. मंग ती आपल्याआधी मरत न्हाई."

मी मान डोलावायचो आणि मनात शिव्या द्यायचो. तरी एक वर्ष तेलाचं मनावर घेतलंच. उडणारी स्टिक तेल पाजून निभणारी करायची, असा माझा शोध. थोडं थोडं कुणी सांगितलंय, म्हणून डबाभर तेलात पावसाळाभर बुडवूनच ठेवली. सामन्यात 'डी'त शिरलो, सगळा जीव एकवटून मारलं, तर जोडाचा सरस सुटून पुढचा वाक मुठीपासून निसटला आणि भिरभिरत गोलात गेला. चेंडू जागेवर. गोलकीपरनं वाक अडवायला उडीसुद्धा मारली होती. पंच डोकं खाजवू लागले. तेव्हा दाजी म्हणाले, "अहो धरा गोल! लाकूड तर गेलंय ना आत. गरिबाला द्या एवढा." हरलो असतो तर चाललं असतं. ह्या माणसानं मला गोल भिक्षा म्हणून घातला! मी घेतला नाही. पण त्या रात्री उपाशी झोपलो.

गेल्या वर्षी मात्र अक्कल आली. चाचांना म्हटलं, निभेगी वाली द्या. ते इतके चकित झाले की चहा मागवला. मैदानावर उतरलो आणि बघतो तर दाजींच्या हातात मुसळ नाही! सडपातळ, चकचकीत, नवीकोरी स्टिक. "काय दाजी, दात दुखून राह्यले का?" मी विचारलं. ते नुसते हसले. सामना संपत आला तेव्हा चेंडू माझ्याकडं आला. दाजी आडवे आले, आमच्या स्टिका एकमेकींवर आदळल्या आणि त्यांची काडकन मोडली. मी त्यांना वळसा घालून गेलो आणि मारला. गोलाच्या फळीवर खाडकन आवाज. गोल! मी तिथं नाचलो. मेहुण्यांनी मला खांद्यावर घेतलं, आणि माझं वजन बघून लगेच खाली ठेवलं. इतक्या वर्षांनी सूड पुरा झाला होता. झाला होता, असं मला वाटलं.

दिवसकार्य झाल्यावर अक्कानं सांगितलं, "मुसळ उचलवत नव्हतं त्यान्ला. छातीत धडधड व्हायची. डॉक्टरनं खेळूच नका म्हणून बजावल्तं. म्हनले, हलकी घेतो, पन मेहुण्याला सोडत न्हाई."

घ्या! म्हणजे मी चकवलं ते आजारी माणसाला. माझा सूड नासवला दाजींनी, आणि कारणही लपवलं. मी अक्काला तसं म्हणालोसुद्धा. दुखवट्याच्या घरात, पाहुण्यांसमोर. पाहुणे चपापले. अक्का मात्र शांत. म्हणाली, "मुद्दाम न्हाई दिला गोल. जीव तोडून खेळले ते. घरी येऊन जेवले न्हाईत. दुसऱ्या दिवसापासनं मुसळाला तेल लावायला बसले. उन्हाळाभर लावलं. बघतोच त्याला औंदा, म्हनायचे."

इतकी वर्षं मी सूड घेणारा होतो. माझ्यावर कुणी दात धरून बसलंय, माझ्यासाठी कुणी उन्हाळाभर जागच्या जागी तयारी करून राह्यलंय, असं माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं होतं... आणि तो माणूस न सांगता निघून गेला.

"औंदा कशाची भाऊबीज," मी म्हणालो. "वर्षाच्या आत सण न्हाई करता येत आपल्याला."

"सण कोण करून राह्यलं?" अक्का म्हणाली. "ओवाळनार न्हाई मी. पन मॅच म्हंजे सण हाय का? जावयांत एक कमी पडतोय. तुझा सूड झाला, बाबू. त्यांचा राह्यलाय."

मला वाटलं, दुःखात माणूस काहीही बोलतं. परवा राजूरला गेलो तर दारातूनच ठकठक ऐकू आली. परसात अक्का. वय बावन्न, कासोटा घट्ट खोचलेला, दोन्ही हातांत ते मुसळ. चेंडू भिंतीवर जायचा, परत यायचा, आणि ती जागची हलत नव्हती. शेजारणी कुंपणावरून बघत होत्या. एकीनं कुजबुजत म्हटलं, शोभतं का हे. अक्कानं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडंही नाही. भिंतीकडं बघतच म्हणाली,

"हलकी आन औंदा. जड घिऊन पळता यायचं न्हाई तुला."