भोंग्यातल्या बांगड्या

खंडूएवढा हट्टी माणूस मी बघितला नाही. निघोज्याच्या कारखान्यात, पत्रा ठोकणाऱ्या प्रेसशॉपमध्ये आम्ही एकाच ओळीत उभं राहून आयुष्य काढलंय, तेव्हा उगीच बोलत नाही. रिटायर झाल्यावर माणसं गावी जातात, नातवंडं सांभाळतात. ह्या बाबानं काळेवाडीतल्या खोलीत कपाटाएवढे दोन स्पीकर बांधले, जुन्या पद्धतीचे, वर भोंगा असलेले. पलंगाला जागा उरली नाही. तो हवा होता कुणाला म्हणा, बायको, सरूबाई, गेल्यापासून हा खुर्चीतच झोपतो.

सगळा खटाटोप एका कॅसेटसाठी. बायको विहारात गाणी म्हणायची, जयंतीला कुणीतरी ती भरून ठेवलेली. टाळी देताना तिच्या काचेच्या बांगड्या वाजायच्या.

"सरू ऐकू येते रे चिमाजी, बांगड्या येत नाहीत," तो म्हणायचा. "घरात आली की आधी बांगड्याच कळायच्या. त्या नाहीत तर मला ती भिंतीपलीकडं बसून गातीय असं वाटतं."

दोष क्रॉसओव्हरचा, असं त्यानं ठरवून टाकलं. क्रॉसओव्हर म्हणजे खोक्यातली पट्टी. जाड आवाज खालच्या मोठ्या स्पीकरला देते, बारीक आवाज वर भोंग्याला. तिच्यावरचे जुने कपॅसिटर सुकले की बारीक आवाज मरतो, हे खरंय. त्यानं ते बदलले. मग त्याहून भारीचे आणले. मग भोंग्याला जोर मिळावा म्हणून रेझिस्टरही बदलले. दर वेळी मला बोलावणं यायचं. दोघं भोंग्यापुढं कान देऊन बसायचो आणि मीही शहाण्यासारखी मान हलवायचो, नाही राव, अजून नाही.

परवा दुपारी नवा कपॅसिटर डाग देऊन बसवला, कॅसेट लावली, तर खालच्या मजल्यावरची छबूबाई तणतणत वर आली.

"खंडूभाऊ, बारीक करा की जरा. सरूताईचं गाणं गोडच वाटतं मला, पण त्या बांगड्या सुया टोचल्यागत कानात घुसतात. खाली चुलीपाशी ऐकू येतात."

खंडूनं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. प्रेसच्या दणदणाटात कानात घालायचे बोळे कंपनी द्यायची, ते आमच्या खिशात राहायचे. बोळे घातले की डायचा, म्हणजे साच्याचा, बिघडलेला आवाज कळत नाही, असं ऐटीत सांगायची आमची पद्धत. एवढे कपॅसिटर बदलले, पण कानावर संशय दोघांपैकी एकालाही आला नाही.

खंडूनं कॅसेट बंद केली नाही. पहिल्यापासून लावली आणि आपली खुर्ची छबूबाईला दिली.

"बसा ताई. वाजल्या की हात वर करा."

तिला आधी काही उमगेना. मग उमगलं, तशी ती गुपचूप बसली. सरूबाई गात होती, छबूबाईचा हात वर जात होता, खाली येत होता, आणि खंडू त्या हातावरची नजर काढत नव्हता. मला तिथं बसवेना.

"आता जोरात वाजल्या का?" त्यानं विचारलं.

"लई जोरात, भाऊ," छबूबाई म्हणाली.