चित्रात हासायचं नाई

"चित्रातला मानूस तूच ना? मंग मागच्या दारानं ये. म्होरचं दार पाव्हन्यायसाठी हाये."

वाशीमच्या त्या नव्या म्युझियमच्या गेटावर वाचमननं मले असं म्हनलं. जुन्या जिनिंगचा हॉल होता तो. कापूस गेला, मशिनी गेल्या, आता तथी चित्रं लावली. मी इस्तरीचा पांढरा शर्ट घालून उभा. बाजूले माही माय, निळ्या काठाच्या पांढऱ्या लुगड्यात. माहं चित्र सकाळीच म्होरच्या दारानं आत गेलतं. चार मानसायनं उचलून नेलं म्हने, घासू नका, धक्का लावू नका करत. अन मी, ज्याचं ते चित्र, मागच्या दारानं.

मी हासलो. मले वाटलं गर्दी असंन. माही खोडच तशी. कोनी लाथ मारली तं मी आधी पाह्यतो, त्याच्या पायाले तं लागलं नाई ना.

मागच्या दारात सायेब उभे होते. चित्र त्यायनंच काढलं. मले खालून वर पाह्यलं. म्हनले,

"हा शर्ट काढ."

आता मी शर्ट काढला का नाई ते सांगतो. पन आधी हे कसं घडलं ते आयका.

मी रिसोडच्या बाजारात हमाल. सोयाबीनचे कट्टे पाठीवर वाह्यतो. शाळेत गेल्तो मी, नाई असं नाई. पयल्या दिवशी गुरुजीनं फळ्यावर जे लिवलं ते समजलं नाई, म्हनून दुसऱ्या दिवशी गेलो नाई. तोंड माहं असं का पाऊस कितीबी चांगला पडू दे, माया गालावर दुष्काळच. बायको म्हनते, "तुमी दारात उभे राह्यले ना, तं भिकारी पुढच्या घरी जाते."

या तोंडावर सायेब भुलले.

बाजारात चायच्या टपरीवर मी बसलो होतो. गाडी थांबली. सायेब उतरले, माया म्होरं येऊन उभे राह्यले अन म्हनले, "काय चेहरा आहे!" मी मागं वळून पाह्यलं, कोनाले म्हनून राह्यले म्हनून. मागं बकरी होती.

मंग त्यायनं मले चाय पाजली. तथीच माया डोक्यात पाल चुकचुकली. फुकट चाय पाजनारा मानूस एक तं निवडनुकीले उभा असते, नाई तं त्याले पोरगी द्यायची असते. याचं दोन्ही नव्हतं. अन आजवर ज्यानं ज्यानं माही तारीफ केली, त्यानं त्यानं लगेच पाठीवर कट्टा ठेवला.

सायेब आमच्याच गावच्या जुन्या मालकाच्या, म्हनजे जमीनदाराच्या घरचे. मालकाचे नातू. लहानपनीच मुंबईले शिकाले गेले, फॉरेनले जाऊन आले, मोठे चित्रकार झाले. गावच्या वावरात चित्रं काढाले बंगला बांधला. मले म्हनले, "नुसतं बसायचं. हमालीपेक्षा जास्त देईन."

बसायची मजुरी! शंका आली मले. लय आली. पन पाठीनं हो म्हनलं, डोक्याले कोनी इचारलंच नाई.

पयल्याच दिवशी शर्ट काढाले लावला. कमरेले धोतर देल्लं. खांद्यावर टाकाले घोंगडं आनलं, कोरं करकरीत, दुकानातलं. अन माया डोयासमोर त्यायनं ते ब्लेडनं फाडलं.

मी म्हनलं, "सायेब, फाटकंच पायजे तं माया घरून आनतो ना. घरात दुसरं हाये काय!"

"नको," म्हनले, "ते योग्य जागी फाटलेलं नसेल."

बाप्पा! मले समजलंच नाई तोवर, का गरिबी बी चुकीच्या जागी फाटते.

मंग हातात काठी देल्ली. डोक्याच्या वर जाईन अशी, वरच्या टोकाले घुंगरं. सायेबानं खास बनवून घेतली होती. मले वाटलं पोळ्याची असंन, बैलाम्होरं नाचवाची. म्हनून मी ते हालवली अन एक ठुमका मारला.

"नाचू नको. वाक."

वाकलो.

"अजून वाक."

वाकाची तं मले सवयच. मी असा वाकलो का कट्टा ठेवनारा बी खुश झाला असता.

"आणि हसायचं नाही. चित्रात हसायचं नाही."

हे अवघड गेलं. मले एकडाव जेवू नका देऊ, पन हासू द्या. मी चुळबुळ करो. तं मले गुंतवून ठेवाले सायेब फॉरेनच्या चित्रकारायच्या गोष्टी सांगत. एकानं म्हने सोताचा कान कापला. मी म्हनलं, "बायकोचं आयकून आयकून कटाळला असंन." दुसरा म्हने वर्सानुवर्स मचानावर उभा राहून देवळाचं छत रंगवे, मान वर करून. रंग डोयात पडे त्याच्या. त्याचं मले वाईट वाटलं. हमालच तो, फक्त वर पाहनारा.

अन एक बाईच्या चित्राची गोष्ट. जराशीच हासते म्हने ते, गालातल्या गालात. सारं जग तिले पाह्यले जाते. एकदा ते चित्र चोरीले गेलं. तं लोक रांग लावून ते रिकामी भिंत पाह्यले आले.

"रिकामी भिंत?" मी म्हनलं. "मंग त्यायले माया घरी पाठवा. चारी भिंती दाखवतो."

सायेब हासले. ते हासले म्हनून मी इचारलं, "सायेब, त्या बाईले हासू देल्लं. मले कायले नाई?"

त्यायनं बरश खाली केला. "तिची गोष्ट वेगळी. तू हसलास तर चित्र मरेल."

मी घरी जाताना सारी वाट इचार केला. असं कसं चित्र हाये बाप्पा, का माया हासन्यानं मरते? माया हासन्यानं आजवर माशी मेली नाई. कायतरी पानी मुरून राह्यलं होतं. पन चित्र मले दाखवतच नव्हते. मी उठलो का त्याच्यावर कपडा. "उद्घाटनाला बघ" म्हनत.

मायले सांगतलं, माहं चित्र वाशीमच्या म्युझियममंदी लागून राह्यलं. बुढीनं पयलं इचारलं, "आंगात शर्ट कोनता होता?"

मी म्हनलं, "पांढरा."

आता तिले काय सांगू, का मी उघडा बसलो म्हनून? बुढी साऱ्या वस्तीत सांगून आली. माया लेकाचं चित्र. मोठ्या लोकायच्या भिंतीवर. पांढऱ्या शर्टात. मले पाह्यले ते एष्टीत दोन्ही हातानं दांडा धरून वाशीमले आली. जागा भेटली तरी बसली नाई, लुगडं चुरगाळंन म्हनून.

अन तथी सायेब म्हनून राह्यले, शर्ट काढ.

खुर्चीवर ते धोतर, ते घोंगडं ठेवलं होतं. भिंतीले ते काठी.

"चित्राशेजारी उभं राहायचं," सायेब म्हनले. "तसंच, वाकून. पाहुणे येतील, फोटो काढतील. कोणी मोठा माणूस आला की जोहार म्हणायचं."

"जोहार? म्हनजे काय सायेब?"

"नमस्काराचा जुना शब्द आहे. तुमचाच."

मी गुंड्या काढाले लागलो. खोटं कायले सांगू. तीन काढल्या. सायेबाइतक्या मोठ्या मानसानं सांगतलं का माहे हात माया आधी हो म्हनतेत. चौथी गुंडी हातात होती अन डोक्यात एकच, मायले आता काय सांगू, पांढऱ्या शर्टाचं.

तं माय कोठी गेली? बाजूले नव्हती. बुढ्या बाईले कोनी अडवत नाई, ते सरळ हॉलमंदी गेली होती, लेकाले पाह्यले. तथून परत आली. रडत नव्हती. मले वाटलं उघड्या आंगाचं बोलंन. तिनं माया आंगाकडं पाह्यलंच नाई. भिंतीच्या काठीकडं बोट केलं.

"लेका, हे काठी कोनी देल्ली तुले?"

"सायेबानं. पोळ्याची होय."

"पोळ्याची?" माय म्हने. "तुया आज्याची होय ते. हे वाजवत तो गावात जाये, मालकाचा सांगावा घिऊन. घुंगरं वाजली का लोक बाजूले होत. त्याचा इटाळ नको म्हनून. अन मालकाच्या दारात वाकून जोहार घाले."

मी काठीकडं पाह्यलं.

"नागपूरहून दीक्षा घिऊन आला, तं घरात पाय टाकाच्या आधी त्यानं हे काठी मोडली. चुलीत घातली. मी तवा नवी नवरी, अशी टिचभर. माया सासूनं त्या जाळावर भाकरी भाजल्या. साऱ्या वस्तीनं खाल्ल्या."

"मंग मले कायले नाई सांगतलं तू? इतक्या वर्सात?"

"जे चुलीत घातलं, ते तुया ताटात कायले वाढू?"

आता पाहा मजा. माया आज्याची काठी मले ठाव नव्हती. मालकाच्या नातवाले ठाव होती. आमी जाळली, त्यायनं ध्यानात ठेवली. नवं लाकूड आनलं, नवी घुंगरं बसवली, अन त्याच मानसाच्या नातवाच्या हातात देल्ली. अन तो नातू असा येडा का त्यानं ठुमका मारला.

"आवर लवकर," सायेब म्हनले. "पाहुणे आले."

मी गुंडी लावली. मंग दुसरी. साऱ्या लावल्या. कॉलरची बी लावली, जे मी लग्नात बी लावली नव्हती, जीव गुदमरते म्हनून.

"सायेब, चित्राचं नाव काय ठेवलं?"

"निष्ठा."

"म्हनजे?"

"इमान."

"कोनाशी?"

सायेब जरा चिडले. "अरे, प्रतीक आहे ते. मनावर घेऊ नको. हा इतिहास आहे आपला. कलेत इतिहास टिपावा लागतो."

"मंग काठी मोडताना टिपा ना सायेब. चुलीत टिपा. तुमी मले कान कापनाऱ्याची गोष्ट सांगतली, छतवाल्याची सांगतली. काठी मोडनाऱ्याची कायले नाई सांगतली? तो तं तुमच्याच गावचा होता."

"दोन तासांचा प्रश्न आहे. पैसे घेतलेस ना?"

"बसाचे घेतले. वाकाचे बी घेतले. उभं राह्याचे नाई घेतले."

हे मी बोललो. माया तोंडून निंघालं अन मलेच घाम फुटला. कोनी म्हनंन शूर होता, तं तसं काई नाई. पळाले दार पाहून राह्यलो होतो मी. पन मायनं काठी उचलली, काखेत मारली अन म्हनली, "चाल."

"मागून ना?" मी म्हनलं. सवय हो.

"म्होरून."

हॉलमधून निंघालो. पाव्हने आलते, सेंटाचा वास सुटला होता. चित्र पाह्यलं मी तवा पयल्यांदा. चांगलं काढलं हो, खोटं नाई बोलत. शीर न् शीर काढली. पन तो मानूस मी नव्हतो. त्या मानसानं कधी कोनाची टिंगल केली नसंन. त्याले माय बी नसंन.

माय चालली तशी काखेतली घुंगरं वाजली. पाव्हने बाजूले झाले. वाट देल्ली. त्यायले काय ठाव, पयले कायले बाजूले होत ते.

गेटावर वाचमन आडवा आला. "आजी, ते म्युझियमची वस्तू हाये."

"वस्तू नाई बाप्पा," माय म्हनली. "सरपन हाये."

घरी आता गॅस हाये. मायनं आंगनात तीन गोटे मांडाले लावले. मी काठी गुडघ्यावर मोडाले गेलो, सिनेमातल्यासारखी. मोडली नाई. गुडघा सुजला. मंग कुऱ्हाडीनं तोडली. भाकर करपली, कारन लाकूड ओलं होतं अन वरून पॉलिश. पन साऱ्या वस्तीनं खाल्ली. पोट्ट्यायले मायनं तवा सारं सांगतलं. आता आमच्या वस्तीत पोळ्याची काठी अन आज्याची काठी कोनी एक समजत नाई.

काठी जळली, पन चित्र तथीच हाये. चित्रातली काठी जळत नाई.

सायेबाचा निरोप आला. म्हने, दुसरं चित्र काढतो तुझं, शर्टातलं, ताठ. मी इचारलं, "मंग हे उतरवान काय?" निरोप आननारा चपला घालाले लागला. म्हनजे एका भिंतीवर मी ताठ, दुसऱ्या भिंतीवर वाकेल, अन मधात सायेबाची वाहवा. इतका येडा मी बी नाई. येडा हाये, पन इतका नाई.

आयतवारी बाजार बंद असते. मी एष्टीनं वाशीमले जातो. म्होरच्या दारानं जातो, टिकीट काढून. पांढरा शर्ट, कॉलरची गुंडी लावेल. हमालाची पाठ पुरी सरळ होत नाई, पन जितकी होते तितकी करतो अन त्या चित्राच्या बाजूले उभा राह्यतो. कोनी पाह्यले आलं का सांगतो, हा मी होय. घोंगडं ब्लेडनं फाडेल हाये. अन हे काठी माया आज्यानं मोडली, चुलीत घातली, तिच्यावर भाकर भाजली, ते या चित्रात नाई. काई लोक निंघून जातेत. काई थांबतेत. वाचमन म्हनते पोलीस बोलावतो. मी म्हनतो बोलाव, त्यायले बी सांगतो.

ते चित्र उतरत नाई तोवर मी हटत नाई. सायेब म्हनले होते, मी हासलो तं चित्र मरंन.

मरू दे. मी दर आयतवारी तथी जाऊन हासतो.