ड्रमवरचे डोंगळे

अंबडच्या माझ्या दुकानात मोटारसायकलच्या टाक्यांवर एअरब्रशने वाघ, कवट्या, ज्वाळा काढून मिळतात. ती चांदवडहून यायची. लग्नाच्या बँडमध्ये ड्रम वाजवायची; अशी बाई मी तोवर पाहिली नव्हती. वडिलांचा जुना ड्रमसेट तिने माझ्याकडे रंगवायला टाकला होता. चित्र निवडताना ती एका हाताने अल्बमची पानं उलटायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी टेबलावर ठेका धरायची. चित्र पटलं नाही की ठेका थांबायचा. तीन खेपांत तो प्रत्येक पानावर थांबला.

चौथ्या खेपेला बँडचे मालक सोबत आले. तिला न विचारताच मला म्हणाले, "गुलाब काढा. बाईमाणसाला शोभतील."

ठेका थांबला. तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. फोटोत कांद्याच्या बियाण्याचं शेत होतं, उंच दांड्यांवर फुललेले पांढरे, गोल डोंगळे.

"हे काढा, दादा. काळ्यावर पांढरं."

"वरातीत कांदा?" मालक हसले.

"पंगतीत चालतो ना, शेठ?"

मीही शहाणपणा केला. "ताई, गुलाब जास्त उठून दिसतील."

"ड्रम माझा हाय, दादा. तुम्ही फक्त रंग मारा."

"अगं, लोक हसतील," मालक म्हणाले.

"हसू द्या. हसता हसताच नाचायला लागतील."

आणि तिने टेबलावर पुन्हा ठेका धरला, या वेळी दोन्ही हातांनी. थोड्या वेळाने मालकांच्या बुटाचं टोक हलायला लागलं. तिने ते पाहिलं, पण थांबली नाही.