ऑगस्टच्या पानावरची कमान

मोबाइलवर भिकाजी घाडीचं नाव दिसलं आणि मी ऐकून न घेताच सुरू झालो, "शुक्रवारी जेवायला ये रे, हिने पापलेटं आणलीत. आणि गेल्या खेपेसारखा दोन तास उशीर नको!" पलीकडून त्याच्या खोलीतला सोबती म्हणाला, "सायब, घाडी गेलो. सकाळी उठलोच नाय." मेलेल्या माणसाच्या फोनवर जेवणाचं आमंत्रण... आधी बोलायचं, मग बघायचं, ही माझी जुनी खोड.

घाडी मालवणकडचा गवंडी. युद्धानंतर कुवेत पुन्हा बांधायला आलेल्यांतला एक. मी त्याच कंपनीच्या मिरकाबमधल्या ऑफिसात नकाशे काढायचो. रिग्गईत सहा जणांच्या खोलीत त्याच्या खाटेशी एक जुनं कॅलेंडर होतं, मायदेशी परतताना इंग्रज इंजिनिअरने दिलेलं. बारा महिने, बारा पडके इंग्लिश मठ. वर्षं उलटली तरी पान ऑगस्टचंच... छप्पर नाही, भिंती नाहीत, गवतात एकटी उंच कमान. "सायबानू, आठशे वर्षां! हिका धरून ठेवल्यान कोणी?" गावच्या नव्या घराला त्याला तशीच चिऱ्याची कमान घालायची होती, सिमेंटशिवाय.

दोन हजार तीन साली आम्ही मेहुण्याकडे इंग्लंडला निघालो, तेव्हा तो म्हणाला, "चॉकलेटां नको. त्या कमानीच्या सांध्यात बोट घाला. चुनो आसा काय शिसा, तेवढा बघून येवा."

आधीचे दोन मठ मी इमानदारीने पाहिले. तिसरा घाडीच्या कमानीचा. पाऊस लागला होता, बूट ओले, आणि पडकी भिंत बघायला तिकीट काढायचं याचा मला मनस्वी राग आलेला. ही आणि मुलगा छत्री घेऊन गेले. मी गाडीत चिवडा खात बसलो. परतल्यावर घाडीला ठणकावून सांगितलं, "चुना. स्वतः बोट घालून पाहिलं."

पुढच्या रजेत त्याने घर पुरं केलं. दारावर सरळ काँक्रीटची पट्टी. मी त्याला किती चिडवलं! "काय घाडी, इंग्रज गवंडी भारी पडले ना?" तो हसला. "घाई झाली, सायबानू."

महिन्याभरापूर्वी तो पेटीतून गावी गेला. कॅलेंडर खोलीवाल्यांनी मला दिलं. ते आता आमच्या स्वयंपाकघरात आहे, ऑगस्टवरच. परवा चष्मा लावून पाहिलं, तर कमानीखाली पेन्सिलीने 'चुना' लिहिलेलं आणि पुढे प्रश्नचिन्ह. हिला दाखवत म्हटलं, "बघ, त्याला माझ्यावर भरवसा नव्हता."

"होता की. लगेच लिहून ठेवलं होतं, मला सांगितलंही होतं," ही कणीक मळता मळता म्हणाली. "प्रश्नचिन्ह नंतरचं. ते घर बांधायला रजेवर जायच्या आधी आपला मुलगा बोलून गेला होता त्यांच्यापुढे, 'बाबा तर कारमधून उतरलेच नाहीत, अंकल.' तेव्हा मलाच म्हणाले, 'वयनी, सायबांका सांगा नको. तेंका वायट वाटतला.'"