बोंडूच्या बीअरला वासात शून्य

"शून्य! वासाला शून्य! ही बीअर आहे की बांगड्याचं कालवण?"

पुण्याच्या हेड ऑफिसचे करंदीकरसाहेब असे ओरडले, की लॅबच्या खिडकीवरचे दोन कावळे उडाले. त्यातला एक अजून रत्नागिरीत परतलेला नाही.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी तिथल्या एका फळप्रक्रिया कारखान्यात केमिस्ट होतो. एरवी आमचं काम आंब्याचा पल्प डब्यात भरायचं. पण काजूच्या हंगामात बी काढून घेतली, की बोंडू, म्हणजे वरचं रसाळ फळ, बागांतून ढिगांनी कुजत पडायचे. मालकांनी रीतसर परवाना काढला आणि त्या रसाची बीअर करून बघायचं ठरवलं. बार्लीचं माल्ट, त्यात बोंडूचा रस. छोटी टाकी, फक्त हंगामापुरती.

ती करणारा विश्राम शितप. गाव संगमेश्वरकडचं, पण पंधरा वर्षं मुंबईच्या ब्रुअरीत काढलेली. ती नोकरी सोडून आला होता. बॅच पास झाली तर इथे कायम. नापास झाली तर पुन्हा मुंबई आणि बारा जणांची खोली. तो घरी इतका कमी असे, की धाकटी मुलगी त्याला काका म्हणायची.

बोंडूचा रस घसा धरतो. शितपने त्यात भाताची पेज ओतली. तुरटपणा पेजेला चिकटून तळाशी बसला, वर नितळ रस राहिला. हे मला पुस्तकात पुढे दोन वर्षांनी सापडलं.

आता मार्क. रंग, फेस, वास, चव, प्रत्येकी पाच. आम्ही चौघा स्थानिकांनी वीसपैकी अठरा देऊन टाकले होते. वासाला तर पैकीच्या पैकी. त्यात माझेही पाच, आणि माझं नाक साधं नव्हे. बोंडू हुंगून तो जयगडचा की केळशीचा हे मी सांगायचो. वर बागवाल्याचं नावही.

"तुम्हाला कुणाला नाक आहे की नाही?" साहेब म्हणाले.

"वास कसला, साहेब?" शितप म्हणाला. "मला तर कायच येत नाय."

खरंच येत नव्हता बिचाऱ्याला. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि शेऱ्याच्या रकान्यात 'प्रयोग बंद' असं लिहायला घेतलं. शितप त्या पेनाकडे बघत राहिला.

मी ग्लासकडे बघत होतो. ओतताना दोन बोटं फेस आला होता, 'साहेब' म्हणेपर्यंत गायब. सकाळी हीच बीअर टाकीतून बीकरमध्ये घेतली होती, तेव्हा मी चहा पिऊन, पेपर वाचून आलो तरी फेस जागेवर. बीअरचा फेस मरतो तो तेलकटपणाने. म्हणजे तेल बीअरमध्ये नव्हतं, ग्लासात होतं. पण ग्लासात आलं कुठून?

मग मला सकाळचा बर्फ आठवला.

सकाळी कोल्डरूमचा कॉम्प्रेसर बंद पडला होता. मी स्कूटर काढली, मिरकरवाडा बंदरावर गेलो आणि ओळखीच्या ट्रॉलरवाल्याकडून गोणीभर बर्फ घेऊन आलो. शितपने तो टबात ओतला, आणि बाटल्या, ग्लास सगळं त्यात पुरलं. आम्हा चौघांना काहीच जाणवलं नाही. आमच्याकडे मासळीच्या वासाला वास म्हणत नाहीत, हवा म्हणतात.

"साहेब, अर्धा तास द्या. खोट ग्लासात आहे."

"कशावरून?"

"फेस मेला."

"मला संध्याकाळच्या आत घाट चढायचाय हो!"

"घाट कुठे पळून जात नाही, साहेब."

धुण्याचा सोडा आणि उकळतं पाणी घेऊन मी ग्लास असे घासले, की काच पातळ झाली असेल. नव्या बाटल्या जाळीत घालून विहिरीत सोडल्या. अर्ध्या तासाने साहेबांनी स्वतः ओतली. फेस उभा राहिला आणि राहिलाच. त्यांनी हुंगलं. एक घोट घेतला, दुसरा घेतला. तिसऱ्याची मार्कांसाठी गरज नव्हती, तोही घेतला.

वासाला चार. एकूण सोळा. म्हणजे पास.

"मग त्या ग्लासांना झालं काय होतं?"

"कॅन्टीनचं पाणी, साहेब," मी डोळ्याची पापणी न हलवता म्हणालो. "पाइप फार जुना आहे."

महिन्याभरात कॅन्टीनला नवा पाइप मंजूर झाला. अख्ख्या शिफ्टने माझे आभार मानले, मी ते घेतले.

शितप कायम झाला. बीअर तीन हंगाम चालली. मी एवढंच शिकलो, की वासाला मार्क द्यायचे असतील तर एक तरी माणूस घाटावरून मागवावा.

शितपच्या हातात नोकरीचा कागद पडला, तेव्हा मात्र माझ्याने राहवलं नाही. त्याला बाजूला घेतलं. "विश्रामभाऊ, खरं सांगतो. त्या दिवशीचा बर्फ मी बंदरावरून आणला होता. मासळीचा."

"ठाव हाय," तो म्हणाला. "गोणीत दोन बांगडे निघाले. मी घरी नेले."